दोन पानांची भिंत

स्ट्रीट आर्टिस्टवर मॅगझिनचा स्प्रेड करायचा, म्हणजे एक कडक फोटो लावायचा आणि वर स्प्रे मारल्यासारखा फॉण्ट टाकायचा. एवढंच ना? मलाही तसंच वाटलं होतं.

‘पान लावता येतं का?’ हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर टपरीवरचं मसाला पान आलं होतं. हसू नका. मास कॉमला नवीन आलेल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. पेपरच्या भाषेत पान लावणं म्हणजे मजकूर, फोटो, हेडिंग हे सगळं पानावर कुठे आणि किती बसवायचं ते ठरवणं. आणि अंक उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन पानं मिळून एकच गोष्ट सांगत असतील, तर तो स्प्रेड.

गेल्या वर्षी आमच्या डिपार्टमेंटच्या लॅब जर्नलमध्ये मला असाच एक स्प्रेड मिळाला. सोळा पानांचा अंक, त्यातली सहा आणि सात नंबरची पानं माझी. चिठ्ठ्या टाकून विषय वाटले होते. माझ्या चिठ्ठीत होतं, ‘स्ट्रीट आर्टिस्ट’. कुणाच्या वाट्याला ‘पाणीपट्टी’ आली होती, कुणाच्या ‘ग्रंथालयांची अवस्था’. मला तर लॉटरीच लागल्यासारखं वाटलं. मी लगेच बँक्सी निवडला आणि रात्रीत पान संपवायच्या तयारीने लॅपटॉप उघडला.

पान व्हायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत काय काय झालं ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी ना कुणी या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम करत असणारच.

चेहरा नसलेला माणूस

पहिली अडचण पहिल्याच दिवशी आली. कुठल्याही माणसावरचा स्प्रेड घ्या. एका पानावर त्याचा मोठा फोटो असतो, डोळे थेट तुमच्याकडे. बँक्सीचा तसा फोटो लावणार कुठून? १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या भिंतींवर त्याचं काम दिसायला लागलं आणि तेव्हापासून त्याने स्वतःची ओळख लपवून ठेवली आहे. तो असा आहे, तो तसा आहे, असे अंदाज छापून आले, पण त्याने स्वतः जाहीरपणे ‘हा मी’ असं काही म्हटलेलं नाही.

मी सोपा रस्ता काढला. हुडी घातलेल्या, तोंडावर अंधार असलेल्या एका मुलाचा फोटो शोधला आणि डाव्या पानावर ठोकून दिला. आमच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, ‘हा कोण?’

‘असाच एक मॉडेल आहे, मॅडम.’

‘मग बँक्सीच्या पानावर काय करतोय?’

उत्तर नव्हतं. फोटो गेला. तुम्हीही कधी ना कधी ‘वातावरण तयार करण्यासाठी’ असा फोटो लावला असेल. पण बातमीच्या पानावरचा फोटो हीसुद्धा एक माहिती असते. ज्याचा चेहरा माहीत नाही त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करणं म्हणजे चुकीचं नाव छापण्यासारखंच झालं.

मॅडम म्हणाल्या, ‘चेहरा नाही ना? मग भिंत दाखव.’

हे खरंच त्याचं आहे का?

भिंती शोधायला बसले तर नेटवर बँक्सीच्या नावाने शेकड्याने चित्रं. त्यात तुटलेल्या पेन्सिलीचं एक चित्र होतं. एक अखंड पेन्सिल, मग मोडलेली, मग मोडक्या तुकड्यालाही टोक काढलेलं. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमधल्या ‘शार्ली एब्दो’ या साप्ताहिकाच्या कार्यालयावर हल्ला झाला तेव्हा हे चित्र जगभर फिरलं, बँक्सीच्या नावाने. मीही ते उचललं होतं. मजकुराशी पडताळून बघताना कळलं की ते बँक्सीचं नाहीच. ते ल्युसिल क्लेर या चित्रकर्तीचं. बँक्सीच्या नावाने चालणाऱ्या एका फॅन अकाउंटवरून ते पसरलं होतं.

विचार करा, मी ते छापलं असतं तर? एका बाईने केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर, आणि तेही ‘कलावंताला न्याय’ वगैरे म्हणणाऱ्या पानावर.

मग नियम केला. बँक्सीने स्वतःच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत इन्स्टाग्रामवर जे आपलं म्हटलंय, तेच घ्यायचं. शिवाय त्याच्या कामांची खातरजमा करून देणारी ‘पेस्ट कंट्रोल’ नावाची त्याचीच संस्था २००८ पासून आहे. हो, नाव खरंच तेच आहे. उंदरांची इतकी चित्रं काढणाऱ्या माणसाला ते शोभतंही.

भिंतीला कान असतात

या चाळणीतून जे उरलं त्यातलं एक चित्र बघताच मला हेडिंग सुचलं. चेल्टनहॅम हे इंग्लंडमधलं एक गाव. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेचं मुख्यालय तिथेच आहे. इंटरनेट आणि फोनवरचं बोलणं टिपणं हे तिचं काम. सरकारं सर्वसामान्यांच्या फोनवर आणि ईमेलवर कशी नजर ठेवतात याचा एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये बोभाटा केला. त्यानंतरच्या वर्षी, एप्रिल २०१४ मध्ये, याच गावातल्या एका घराच्या भिंतीवर चित्र उमटलं. लांब कोट आणि हॅट घातलेले तीन हेर, हातात आवाज टिपायची यंत्रं. आणि त्यांच्या मधोमध, त्या भिंतीशी आधीपासून उभा असलेला खराखुरा टेलिफोन बूथ. ‘स्पाय बूथ’ या नावाने ते ओळखलं जातं.

मराठीत याला एकच हेडिंग असू शकतं. ‘भिंतीला कान असतात.’ मी खूश. मॅडमही खूश. इथवर सगळं छान चाललं होतं.

मजकुरात मी बँक्सीचं आणखी एक चित्र घेतलं होतं. मे २०१२, लंडनमधला वूड ग्रीन हा भाग. त्या वर्षी ब्रिटनमध्ये राणीच्या राज्यारोहणाची साठ वर्षं साजरी होत होती, लंडनला ऑलिम्पिकही होतं, सगळीकडे पताका. अशात एका दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर चित्र आलं. गुडघ्यांवर बसलेला एक लहान मुलगा शिवणयंत्रावर ब्रिटिश झेंड्याच्या पताका शिवतोय. पताका मात्र रंगवलेल्या नव्हत्या, खऱ्या कापडाच्या होत्या. आणि दुकान कसलं? प्रत्येक वस्तू एका पाउंडला विकणारं. वस्तू इतकी स्वस्त कशी मिळते, कुणाच्या हातांनी तयार होते, हा प्रश्न त्या भिंतीनेच विचारलेला होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये तो भिंतीचा तुकडाच कापून नेला गेला आणि थेट अमेरिकेतल्या मायामीच्या लिलावात दिसला. वूड ग्रीनच्या लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा लिलावातून मागे घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनमध्ये तो विकला गेलाच. यावर मी तावातावाने लिहिलं होतं. ‘भिंतीपासून तोडलेलं चित्र म्हणजे वाक्यातून काढलेला शब्द’ वगैरे.

पेन टूलची कात्री

आता माझं पान कसं होतं ते ऐका. मोठी पांढरी जागा. तीन हेर मी पेन टूलने कडेकडेने कापून वेगळे काढले होते. तासाभराची मेहनत, हॅटची कडसुद्धा नीट. एक हेर हेडिंगच्या मागून डोकावतोय, एक कॉलमला टेकलाय, एक खाली कोपऱ्यात. ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांनी आगीचे इमोजी टाकले.

मॅडमनी प्रिंट हातात घेतली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्याच मजकुरातल्या त्या वूड ग्रीनच्या परिच्छेदाखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारलं, ‘फोन बूथ कुठे गेला?’

‘कटआउटमध्ये नीट येत नव्हता, मॅडम. फार जागा खात होता.’

‘मग हे तिघं कुणाचं ऐकतायत?’

मी पानाकडे बघितलं. बूथ नाही, घर नाही, गल्ली नाही. हॅट घातलेले तीन माणूस माझ्या फॉण्टचं बोलणं चोरून ऐकत होते. लंडनमध्ये ज्यांनी भिंत कापली त्यांच्यावर मी दोनशे शब्द खर्च केले होते, आणि त्यांनी भिंतीवर जे केलं तेच मी माउसने केलं होतं.

ही गोष्ट मला त्या दिवशी कळली आणि हा सगळा लेख मी त्यासाठीच लिहितेय. भिंतीवरच्या चित्राचा अर्धा अर्थ चित्राबाहेर असतो. कुठलं गाव, कुठली गल्ली, शेजारी काय आहे, समोरून कोण जातं. गॅलरीतलं चित्र चौकटीपाशी संपतं. रस्त्यावरचं संपत नाही. ते पानावर आणताना आपण पहिली गोष्ट करतो ती क्रॉप, आणि नेमकी तिथेच चूक होते.

गटरात गेलेला हेर

पान पुन्हा पहिल्यापासून. या वेळी रस्त्याच्या पलीकडून काढलेला रुंद फोटो घ्यायचा, ज्यात भिंत, बूथ, घर सगळं दिसेल, आणि तो दोन्ही पानांवर पसरायचा.

आधी मापांनी रडवलं. ए फोर आकाराची दोन पानं म्हणजे ४२० मिलिमीटर रुंदी. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे फोटो साधारण पाच हजार पिक्सेल रुंद हवा. माझ्याकडचा नेटवरून उतरवलेला फोटो होता १०२४ पिक्सेलचा. तो नीट छापायचा तर जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर, एका पोस्टकार्डापेक्षाही लहान. स्क्रीनवर मस्त दिसतो म्हणून फसू नका.

मग विकिमीडिया कॉमन्सवर मोठा फोटो मिळाला, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा. फुकट, पण अट अशी की फोटोग्राफरचं नाव आणि परवाना छापायचा. आमच्याकडची जुनी सवय म्हणजे खाली ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’ लिहून मोकळं व्हायचं. इंटरनेट नावाच्या कुठल्याही माणसाने कधी फोटो काढलेला नाही. कुणीतरी त्या गल्लीत जाऊन, गाड्या जाईपर्यंत थांबून तो काढलेला असतो. भिंत एकाची, चित्र दुसऱ्याचं, फोटो तिसऱ्याचा. पानावर या तिघांचीही दखल हवी.

फोटो बसवला आणि डमी घेऊन शनिवार पेठेतल्या प्रेसवर गेले. प्रेसवाल्या काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, तुमचा माणूस गटरात गेला की.’

गटर म्हणजे दोन पानांच्या मधली दुमड. माझ्या एका हेराचा चेहरा बरोबर त्या दुमडीत गेला होता. मी म्हटलं, ‘चालेल ना काका, दोन्ही पानं जोडूनच आहेत.’

काकांनी काही न बोलता चार कोरे कागद एकात एक घातले, मधोमध दुमडले आणि पानांवर एक ते सोळा आकडे टाकायला लावले. मग कागद सुटे केले. तुम्हीही करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. सहा नंबरचं पान ज्या कागदावर आहे त्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर सात नाही, अकरा आहे. सातच्या जोडीला दहा. अंक उघडल्यावर शेजारी दिसणारी सहा आणि सात ही पानं छापली जातात वेगवेगळ्या कागदांवर. दुमडताना, पिन मारताना, कापताना मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं की चेहऱ्याचे दोन तुकडे. शाईतही फरक पडू शकतो. एकाच कागदावर सलग येणारा स्प्रेड फक्त मधला, आठ आणि नऊचा. तो ‘पाणीपट्टी’ला गेला होता!

मी फोटो उजवीकडे सरकवला. तिन्ही हेर आणि बूथ पूर्ण सातव्या पानावर. दुमड पडली ती कोऱ्या भिंतीवर, जिथे मिलिमीटरभर सरकलं तरी कुणाला कळणार नाही. सहाव्या पानावर घराचा आणि गल्लीचा भाग, त्याच्याखाली मजकूर. चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड सोडलं, म्हणजे कटिंगला कडेने पांढरी रेघ राहणार नाही.

शेवटची गंमत हेडिंगची. मला स्टेन्सिलसारखा फॉण्ट हवा होता. स्टेन्सिल म्हणजे पुठ्ठ्यात आकार कापायचा आणि वरून रंग मारायचा. पकडलं जाण्याआधी पळायचं असेल तर यासारखी झटपट पद्धत नाही, म्हणून बँक्सीला ती सोयीची. पण काळ्या पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत हेडिंग टाकलं आणि ट्रायल प्रिंटमध्ये काळी शाई पसरून अनुस्वारच बुजला. ‘भिंतीला कान असतात’चं झालं ‘भितीला कान असतात’. काका म्हणाले, ‘हेही काही खोटं नाही.’ शेवटी साधा ठसठशीत ठळक फॉण्ट घेतला. स्टेन्सिल बँक्सीचं, त्याचं सोंग आपण कशाला आणायचं?

फोटोखाली कॅप्शनमध्ये गाव, वर्ष, फोटोग्राफरचं नाव आणि एक ओळ आली. हे चित्र आता तिथे नाही, ऑगस्ट २०१६ मध्ये त्या भिंतीच्या दुरुस्तीचं काम चालू असताना ते गेलं. भिंत गेल्यावर फोटोच उरतो. म्हणून तो कसा कापायचा याचा विचार जास्त करायचा.

आणि आमच्या गल्लीतली भिंत

अंक छापून आला, कौतुक झालं. मग एके दिवशी कॉलेजसमोरच्या बसस्टॉपवर उभी होते. मागे कंपाउंडची भिंत. स्वच्छ सर्वेक्षणाच्या काळात शहरभर रंगवल्या ना, त्यातलीच एक. झाडं, वारकरी, शाळेत जाणारी मुलं, एक रिक्षा. या भिंतीला टेकून मी कितीतरी बस सोडल्यात. मनात आलं, हे कुणी काढलं? पाच हजार मैलांवरच्या, नाव लपवलेल्या माणसाची मला सगळी कुंडली माहीत. हा माणूस मात्र कोण ते ठाऊक नाही, आणि याने तर नाव लपवलेलंही नाही. आपण विचारलंच नाही.

चहाच्या टपरीवर विचारलं, तिथे लगेच पत्ता लागला. पन्नाशीचे काका. आधी दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवायचे. फ्लेक्स आला आणि ते काम आटलं. भिंतींचं काम ठेकेदारामार्फत मिळालं, चौरस फुटाच्या हिशेबाने. मी विचारलं, ‘काका, सही का नाही केली?’

‘नाव टाकायचं नाही असं सांगितलं होतं ताई. नाव जाऊ दे, खाली मोबाइल नंबर टाकला असता तर दोन कामं आली असती.’

मग जरा थांबून हसले. ‘पण टाकलाय मी. रिक्षाचा नंबर बघा.’

फोनमध्ये त्या भिंतीचे फोटो होते माझ्याकडे, क्रॉपिंगच्या सरावासाठी काढलेले. उघडून बघितले. प्रत्येक फोटो मी खालून कापला होता, कारण तिथे बाइक्स लावलेल्या होत्या आणि ‘फ्रेम खराब होत होती’. रिक्षा अर्धी. नंबरप्लेट कापलेली. काकांच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे, म्हणजे त्यांची सही, मीच उडवली होती.

या वर्षीच्या लॅब जर्नलचा मधला स्प्रेड त्यांचा आहे. आठ आणि नऊ, सलग एका कागदावर. फोटोत बाइक्स आहेत, बसस्टॉप आहे, टपरी आहे, रिक्षा पूर्ण आहे. काकांचं नाव मी इथे देत नाहीये. ‘पेपरात नको, ठेकेदार वाचतो’ असं ते म्हणाले. आमच्या अंकात मात्र त्यांचं नाव येईल, हेडिंगच्याच आकाराचं, आणि ते अक्षर कुठल्याही फॉण्टमधलं नसेल. त्यांनी स्वतः ब्रशने काढून दिलंय.

तुमच्या बसस्टॉपमागच्या भिंतीवर काय आहे? उद्या बस यायच्या आत जरा वळून बघा. आणि फोटो काढलात तर खालून कापू नका.

अंक करताय? मग हे बघाच

• आधी कोऱ्या कागदाची डमी करा आणि आपला स्प्रेड सलग कागदावर येतोय का ते तपासा.

• चेहरा, डोळे, अक्षरं दुमडीत येऊ देऊ नका.

• फोटो किती पिक्सेलचा आहे ते बघा. पिक्सेल भागिले ३०० म्हणजे तो किती इंच नीट छापला जाईल ते कळतं. वॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेला सहसा आकसलेला असतो, मूळ फाइल मागा.

• चित्र खरंच त्याच कलाकाराचं आहे का, हे कलाकाराच्या अधिकृत जागी पडताळा.

• भिंतीचा एक तरी रुंद फोटो लावा, ज्यात आजूबाजूचा रस्ता दिसेल.

• कॅप्शनमध्ये जागा, वर्ष, चित्रकार आणि फोटोग्राफर. ‘सौजन्य : इंटरनेट’ नको.

• काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं टाकण्याआधी एक प्रिंट काढून अनुस्वार मोजा!